वडील 'हो' म्हणतात, पण समजलंय का? परदेशात किडनी प्रत्यारोपण झालेल्या मराठी रुग्णाच्या घरच्यांसाठी

प्रश्न न्यू जर्सीतल्या एका मुलीचा आहे. वडील ६६ वर्षांचे, एस.टी.च्या सातारा आगारातून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. सहा वर्षांपूर्वी ग्रीन कार्डावर मुलीकडे आले. चार महिन्यांपूर्वी त्यांचं किडनी प्रत्यारोपण झालं, किडनी आईनेच दिली. घरी सोडताना हॉस्पिटलने साठ पानांची इंग्रजी फाइल हातात ठेवली. वडील मराठी उत्तम वाचतात, इंग्रजी जेमतेम. डॉक्टरांशी बोलताना मुलगीच दुभाषी असते आणि वडील प्रत्येक वाक्याला 'हो' म्हणतात. टॅक्रोलिमसची, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून रोज घ्यायच्या औषधाची, रक्तातली पातळी एकदा १४.२ आली म्हणून डोस कमी केला. पुढच्या वेळी ती ४.६ आली आणि आता नोंदीत 'गोळ्या नियमित घेत नाहीत' असा शेरा पडलाय. वडील फार दुखावलेत. "मी एकही गोळी चुकवलेली नाही" असं ते सांगतात. त्यांना हे सगळं नीट कसं समजावायचं आणि मराठीत काही साहित्य मिळेल का, असं तिने विचारलंय.

मी मिरजेत नर्सिंग शिकले आणि गेली एकोणीस वर्षं अमेरिकेत प्रत्यारोपण समन्वयक, म्हणजे रुग्ण आणि डॉक्टरांची टीम यांच्यातला दुवा, म्हणून काम करते. त्या अनुभवातून सांगते.

सगळ्यात आधी, वडिलांवर विश्वास ठेवा. ते खरं बोलत असावेत असंच मला वाटतं. ज्या माणसाने तीस-पस्तीस वर्षं गाड्या वेळेवर सोडल्या, तो गोळ्या विसरण्यातला नसतो. आता हे करून बघा. १४.२ आली त्या दिवशी सकाळी नेमकं काय काय झालं, ते त्यांना उठल्यापासून क्रमाने सांगायला लावा. 'गोळी घेतली होती का?' असा प्रश्न विचारू नका. 'उठल्यावर काय केलंत, मग काय, मग काय' असं विचारत जा. माझा अंदाज असा आहे की त्यांनी नेहमीच्या वेळी सकाळची गोळी घेतली, मग तुम्ही त्यांना लॅबला नेलं आणि गोळीनंतर तास-दोन तासांत रक्त काढलं गेलं.

टॅक्रोलिमसची जी पातळी डॉक्टरांना हवी असते ती पुढची गोळी घेण्याच्या अगदी आधीची, म्हणजे रक्तात औषध सर्वांत कमी असतानाची. रात्री नऊला गोळी घेतली असेल तर सकाळी नऊच्या सुमारास, गोळी न घेता रक्त द्यायचं आणि सुई निघाली की तिथेच सोबत नेलेली गोळी घ्यायची. गोळी आधी घेतली तर औषध रक्तात चढलेलं असतं आणि आकडा फुगून येतो. तो पाहून टीम डोस कमी करते. पुढच्या वेळी रक्त बरोबर वेळेला काढलं जातं, आता डोस खरोखरच कमी असतो, म्हणून पातळी घसरते. कागदावर दिसतं ते इतकंच: एकदा वर, एकदा खाली. पातळी अशी वरखाली होत राहिली तर ते नव्या किडनीसाठी वाईट असतं, हेही खरं आहे. त्यामुळे टीम धास्तावते आणि शेरा लिहिते. अशा वेळी चूक वडिलांची नसते, आणि एका अर्थी कोणाचीच नसते. वडिलांना लॅबच्या सूचनेतलं 'उपाशी या' तेवढं कळलेलं असतं. 'गोळी घेऊ नका' हे वेगळं सांगणं आहे, ते कळलेलं नसतं. आपल्याकडे अनशापोटी रक्त द्यायचं म्हणजे चहा-नाश्ता करायचा नाही. गोळी ही काही खाण्याची वस्तू नाही! शिवाय 'गोळी कधीही चुकवू नका' असं त्यांना पन्नास वेळा बजावलेलं असतं, ते त्यांनी इमानाने पाळलं.

असं घडलं असेल तर समन्वयकाला आजच फोन करा. १४.२ च्या दिवशी गोळी किती वाजता घेतली आणि रक्त किती वाजता काढलं, या दोन वेळा सांगा आणि त्या नोंदीत लिहून घ्यायला लावा. डोस मात्र स्वतः बदलू नका, तो टीमच ठरवेल. आणि तो शेरा दुरुस्त करायला सांगा. हे मी आग्रहाने सांगते, कारण एकदा नोंदीत पडलेला शब्द पुढचा प्रत्येक डॉक्टर वाचतो आणि पुढची प्रत्येक अडचण त्याच चष्म्यातून बघतो.

आता मूळ प्रश्नाकडे येते. 'समजलं का?' हा प्रश्न आपल्या माणसांना विचारण्यात काही अर्थ नसतो. डॉक्टर समोर बसलेत, वेळ थोडा आहे, मुलीने सुट्टी काढली आहे. अशा वेळी साठी उलटलेला मराठी माणूस 'नाही समजलं' म्हणणार नाही. त्याचा 'हो' आदराचा असतो, 'तुमचं बोलणं मी ऐकतोय' एवढंच तो सांगत असतो. इथल्या डॉक्टरांना ही खूण माहीत नसते. ते 'हो' ऐकतात आणि पुढच्या मुद्द्यावर जातात.

याला उपाय एकच, समोरच्याला आपल्या शब्दांत परत सांगायला लावणं. इकडे त्याला 'टीच-बॅक' म्हणतात. पण वडिलांची परीक्षा घेतल्यासारखं विचारलंत तर ते मिटून जातील, आणि मुलीने बापाची परीक्षा घेणं बरंही दिसत नाही. ओझं स्वतःवर घ्या: "बाबा, मला नीट सांगता आलं की नाही ते बघायचंय. उद्या साताऱ्याहून काकांचा फोन आला आणि त्यांनी विचारलं की रक्त द्यायच्या दिवशी काय करायचं, तर त्यांना काय सांगाल?" मग गप्प बसा. मध्येच दुरुस्त करू नका. ते जे सांगतील त्यात जिथे भोक असेल तिथेच समजावायचं आहे, बाकी सगळं त्यांना येतंच आहे. एका बैठकीत दोन, फार तर तीन गोष्टी. साठ पानांची फाइल दोन महिने पुरेल आणि तसंच व्हायला हवं.

इथे एक गैरसमज काढून टाकते. आरोग्याची माहिती समजणं म्हणजे शिक्षण असणं नव्हे. २००३ साली अमेरिकेत प्रौढांची जी मोठी राष्ट्रीय पाहणी झाली, तिच्यात ३६ टक्के लोक आरोग्यविषयक मजकूर समजण्यात प्राथमिक किंवा त्याहून खालच्या पायरीवर निघाले. ही इंग्रजीच्या देशातली माणसं. प्रत्यारोपणाची भाषा सगळ्यांनाच अवघड जाते. स्थलांतरित माणसाला त्यावर परकी भाषा, परकी व्यवस्था आणि 'मुलांना त्रास नको' ही भावना, असा तिहेरी भार असतो. माझ्याकडे आयआयटीतून शिकलेले एक गृहस्थ होते. प्रत्यारोपणाला वर्ष झाल्यावर बोलता बोलता कळलं की नवी किडनी पाठीत, जुनीच्या जागी बसवली आहे असं ते धरून चालले होते. ती ओटीपोटात पुढच्या बाजूला बसवतात आणि जुन्या किडन्या बहुधा तशाच राहू देतात. या गैरसमजापायी पोटात त्या जागी दुखत असताना आठवडाभर ते अपचन समजून ओवा खात बसले. वडिलांना ती जागा हाताने दाखवता येते का, हे आजच बघा.

दुभाष्याबद्दल थोडं विस्ताराने बोलते. तुम्ही प्रेमाने हे काम करताय, पण ते तुमच्याकडून काढून घ्यायला हवं, निदान महत्त्वाच्या भेटींत तरी. अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं सहावं प्रकरण आणि अफोर्डेबल केअर ॲक्टचं १५५७ वं कलम यांनुसार इंग्रजी न येणाऱ्या रुग्णाला पात्र दुभाषी विनामूल्य पुरवणं ही हॉस्पिटलची जबाबदारी आहे. 'तुमचा माणूस तुम्हीच आणा' असं त्यांना म्हणता येत नाही. लहान मुलांकडून तर आणीबाणी सोडून दुभाष्याचं काम करून घ्यायचंच नाही. फोनवर किंवा व्हिडिओवर मराठी दुभाषी मिळतो, पण मागावा लागतो. तुम्ही न मागितलात तर भारतीय चेहरा पाहून समोरचा हिंदीवाला जोडून देतो. वडिलांच्या नोंदीत पसंतीची भाषा काय लिहिली आहे ते तपासा. 'हिंदी' असेल तर 'मराठी' करून घ्या.

हिंदी कळते की, असं वडील म्हणतील. बातम्यांपुरती कळते. पण हिंदी दुभाषी 'गुर्दा' (किडनी) म्हणाला, 'खाली पेट' (उपाशी पोटी) म्हणाला, 'दस्त' (जुलाब) म्हणाला की गावाकडचा मराठी माणूस अडखळतो. आपल्याकडे 'खाली' म्हणजे वर-खालीतलं खाली. एका आजींना दुभाष्याने सांगितलं की आता आपकी 'शिक्षा' सुरू होईल. त्याला म्हणायचं होतं शिक्षण. आजी मुलाकडे बघून रडायला लागल्या, त्यांना वाटलं आपलं काहीतरी चुकलं. यंत्राने केलेल्या भाषांतराचंही तेच. एका पत्रकात 'ड्रग लेव्हल'चं 'अमली पदार्थांची पातळी' झालेलं मी पाहिलंय. ज्यांच्या हातात ते पडलं होतं ते माळकरी होते. त्यांनी तो कागद घडी घालून परत केला आणि पुढे आमचा एकही कागद वाचला नाही.

शब्द चुकला तर काय होऊ शकतं याचं अमेरिकेतलं गाजलेलं उदाहरण १९८० सालचं, फ्लोरिडातलं आहे. क्यूबन कुटुंबातल्या अठरा वर्षांच्या मुलाला बेशुद्ध अवस्थेत दवाखान्यात आणलं. घरचे 'इंतोक्सिकादो' म्हणाले. त्यांच्या स्पॅनिश बोलीत याचा अर्थ खाण्यापिण्यातून काहीतरी बाधलंय असा. डॉक्टरांनी तो इंग्रजी 'इंटॉक्सिकेटेड'सारखा, म्हणजे नशेचा धरला आणि त्याच दिशेने उपचार केले. मेंदूतला रक्तस्राव उशिरा लक्षात आला आणि मुलाचे चारही हातपाय कायमचे गेले. त्या वेळी दुभाषी मागवलेला नव्हता, कारण दोन्ही बाजूंना वाटत होतं की आपल्याला समजलंय.

दुभाषी हवा याचं आणखी एक कारण आहे. लेकीच्या तोंडून बाप सगळंच विचारत नाही. एक काका ब्लडप्रेशरची गोळी गुपचूप टाकून देत होते. पुरुष दुभाषी फोनवर आल्यावर आणि मुलगा खोलीबाहेर गेल्यावर त्यांनी कारण सांगितलं. गोळीमुळे नवरा-बायकोच्या संबंधात अडचण येते असं त्यांना वाटत होतं. गोळी बदलून दिली, प्रश्न मिटला. उलट बाजूही असते. मुलंसुद्धा गाळून सांगतात. डॉक्टर म्हणतात 'रिजेक्शनमुळे (शरीराने किडनी नाकारल्यामुळे) किडनी जाऊ शकते' आणि मुलगी सांगते 'बाबा, काळजी घ्या म्हणतायत.' हे मायेपोटी होतं, पण बापाला गांभीर्य पोचत नाही. तुम्ही खोलीत जरूर बसा. फक्त मुलगी म्हणून बसा, विसरलेला प्रश्न आठवून द्या.

शिकागोत नॉर्थवेस्टर्न हॉस्पिटलमध्ये डॉ. हुआन कार्लोस कैसेदो यांनी २००६ मध्ये स्पॅनिश बोलणाऱ्यांसाठी वेगळा किडनी प्रत्यारोपण कार्यक्रम सुरू केला. तिथे नुसती पत्रकं स्पॅनिशमध्ये केली नाहीत. डॉक्टर, नर्स, समन्वयक सगळे त्या भाषेत बोलणारे घेतले आणि रुग्णाबरोबर सगळ्या घराला बोलावलं. त्यानंतर त्या समाजात जिवंत दात्याकडून होणारी प्रत्यारोपणं लक्षणीय वाढली. मराठी माणसांची संख्या इथे तेवढी नाही, त्यामुळे असा कार्यक्रम आपल्यासाठी कोणी उभा करेल असं मला वाटत नाही. म्हणून घराला ते काम करावं लागतं.

घरातही कोणाला शिकवायचं ते नीट ठरवा. तुम्ही सगळं वडिलांना आणि स्वतःला शिकवताय. पण गोळ्यांची डबी कोण भरतं? चहा कोण देतं, एकादशीला काय शिजवायचं ते कोण ठरवतं? आई. पहिल्या दिवसापासून आई त्या बैठकीत हवी, आणि परत सांगायची वेळ येईल तेव्हा तिलाही सांगायला लावा.

समजावताना मी माणसाच्या धंद्यातूनच सुरुवात करते. तुमच्या वडिलांशी मी असं बोलले असते: "तुमच्या शरीरात तिकीट तपासनीस आहेत. ते प्रत्येकाचं तिकीट बघतात. वहिनींची किडनी दुसऱ्या आगारातून आलेली, तिच्याकडे आपलं तिकीट नाही. तपासनिसांनी बघितलं की तिला उतरवायला धावणार. तुमच्या या गोळ्या तपासनिसांना थोडं ढिलं ठेवतात. मात्र तपासनीस ढिले पडले की विनातिकीट जंतूही घुसतात, म्हणून ताप आला की घरी थांबायचं नाही, फोन करायचा. आणि गोळी म्हणजे नऊची गाडी आहे. सकाळी नऊ, रात्री नऊ. गाडी चुकली म्हणून पुढच्या वेळी दोन गाड्या एकदम सोडत नाहीत." गोळी घ्यायला किती उशीर चालतो आणि किती उशीर झाला की फोन करायचा, ते तुमच्या टीमला विचारून आकड्यात लिहून घ्या.

हे आधी सांगायचं कारण वेगळं आहे. आपल्या कानावर आयुष्यभर 'प्रतिकारशक्ती वाढवा' हेच पडलेलं असतं. त्या माणसाला एकदम 'ही गोळी प्रतिकारशक्ती कमी करते' सांगितलं की त्याला ती गोळी विषासारखी वाटायला लागते. मग कोणी सांगायच्या आधीच तो त्यावर उतारा शोधतो. गुळवेल, अश्वगंधा, च्यवनप्राश, काढे. गावाकडून येणाऱ्या प्रत्येक बॅगेत यातलं काहीतरी असतंच. मी आयुर्वेदाला नावं ठेवत नाही, माझी आजी काढ्यांवरच वाढवायची आम्हाला. पण तपासनिसांना जागं करणारी वस्तू आणि ढिलं ठेवणारी गोळी एकाच पोटात घालणं म्हणजे किडनी डावावर लावणं. गुळवेलीबाबत तर २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवले होते. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य नव्हता. तो वाद बाजूला ठेवला तरी प्रत्यारोपण झालेल्या माणसाने ती घेऊ नये, हे माझं ठाम मत आहे. भाजीत हळद घाला, हळदीच्या कॅप्सूल नकोत.

एका रविवारी घरातली औषधांची पिशवी टेबलावर उपडी करा. भारतातून आणलेलं सगळं, आईचं आणि तुमचंसुद्धा. कॉम्बिफ्लाम आणि वोवेरान ही वेदनाशामकं किडनीला अपाय करतात, ती वडिलांच्या हाताला लागता कामा नयेत. डायजीन, जेलुसिलसारखी आम्लपित्ताची औषधं मायकोफेनोलेट या प्रत्यारोपणाच्या दुसऱ्या औषधाबरोबर घेतली तर ते अंगी नीट लागत नाही. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, फ्लुकोनाझोल यांनी टॅक्रोलिमसची पातळी चढते. टीबीवरचं रिफॅम्पिसिन आणि फिट्सच्या काही गोळ्यांनी ती एकदम कोसळते. द्राक्षफळ म्हणजे ग्रेपफ्रूट वर्ज्य असतं हे फाइलमध्ये आहे, पण त्याच जातीचं पपनस त्या यादीत कोणी लिहीत नाही, कारण यादी करणाऱ्याला ते माहीत नसतं. करमळ, म्हणजे स्टारफ्रूट, त्याहून वाईट, किडनीच्या रुग्णाने ते खाऊच नये. नियम सोपा ठेवा: टीमला विचारल्याशिवाय नवं काहीही पोटात जाणार नाही, मग ते दातांच्या डॉक्टरांनी दिलेलं का असेना.

खाण्याबाबत इथली पत्रकं सुशी आणि कच्च्या ऑयस्टरबद्दल सांगतात. आपल्या घरात त्यांचा उपयोग काय? आपल्याकडे विचारायचं ते असं: मोड आलेली मटकी कच्ची खाता का? (शिजवून, उसळ करून खा.) देवळातलं तीर्थ, पंचामृत? बाहेरची कापलेली फळं, भेळेवरची हिरवी चटणी? लोणचं-पापडात मीठ किती जातं? नारळपाणी रोज पिता का? टॅक्रोलिमसनेही पोटॅशियम वाढतं आणि नारळपाण्यातही ते भरपूर असतं. जुलाब लागले तर 'जातील दोन दिवसांत' म्हणू नका. जुलाबात टॅक्रोलिमसची पातळी चढू शकते आणि अंगातलं पाणी गेल्याने किडनीला ताण पडतो, तेव्हा त्याच दिवशी फोन करा.

उपवासाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण वडील बहुतेक धरत असणार. 'सोडा' म्हणून सांगितलं तर ते तुमच्यापासून लपवतील. एक काका चतुर्थीला पाणीसुद्धा पीत नव्हते आणि दिवसभराच्या गोळ्या चंद्रोदयानंतर एकदम घेत होते. पाच महिने आम्हाला कळलं नाही, कारण आम्ही विचारलंच नव्हतं. भिंतीवर कालनिर्णय असेलच. तोच औषधांचा तक्ता करा. त्यावर एकादशी-चतुर्थी छापलेल्याच असतात. शेजारी रक्ताच्या तारखा, सकाळचं वजन, आलेली पातळी वडिलांच्या अक्षरात लिहू द्या. उपवासाच्या दिवशीही पाणी आणि गोळी दोन्ही चालतात, हे पटवून द्यायला भटजींची मदत झाली तर तीही घ्या.

आकड्यांचे घोटाळे स्थलांतरितांच्या वाट्याला खास येतात. इथे ०३/०४ म्हणजे चार मार्च, आपल्या डोक्यात तीन एप्रिल. अशा गोंधळात तपासणी बुडालेली मी पाहिली आहे. तारीख नेहमी महिन्याच्या नावाने लिहा. वजन पाउंडात सांगतात, वडील किलोत मोजतात. ताप आपल्याकडेही फॅरनहाइटमध्ये असतो हे बरं आहे, १००.४ हा आकडा पाठ करून घ्या. इंग्लंड-कॅनडात असलेल्या वाचकांसाठी तोच ३८ सेल्सियस. तिकडे क्रिएटिनिनही (किडनी किती काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा) वेगळ्या एककात येतं. पुण्यातलं १.२ तिकडच्या कागदावर साधारण १०६ दिसतं आणि घरात हलकल्लोळ होतो.

तापाचं आणखी थोडं. आपली माणसं 'ताप' म्हणत नाहीत, 'कणकण आहे', 'अंग कसकसतंय' म्हणतात आणि क्रोसिन घेऊन झोपतात. प्रेडनिसोन या स्टेरॉइडच्या गोळीने ताप दबतो, क्रोसिनने आणखी दबतो. कणकण वाटली की आधी थर्मामीटर, मग फोन, गोळी नंतर. मात्र एक गोष्ट त्यांच्या मनावर ठसायला हवी: रिजेक्शन बहुतेक वेळा दुखत नाही. लघवी नीट होते, भूक लागते, माणूस फिरायला जातो आणि क्रिएटिनिन गुपचूप चढत असतं. 'मला बरं वाटतंय, मग रक्त कशाला सारखं?' याचं उत्तर हेच आहे.

साताऱ्याला जायचे बेत निघाले असतील तर वर्षभर थांबा असंच बहुतेक टीम सांगतील. पुढे जाल तेव्हा दोन महिने आधी समन्वयकाला कळवा. टायफॉइडची लस इंजेक्शनची, तोंडावाटे घ्यायची नाही. जिवंत जंतूंच्या लसी त्यांना चालत नाहीत. गोळ्या केबिनमधल्या बॅगेत, राहण्याच्या दिवसांपेक्षा जास्त. तिकडे आपल्या नावाची गोळी संपली म्हणून केमिस्टने दिलेली दुसऱ्या कंपनीची टॅक्रोलिमस परस्पर सुरू करू नका. दिवसातून एकदा आणि दोनदा घ्यायच्या प्रकारांची अदलाबदल तर अजिबात नको. घड्याळाचा फरक उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा, तेव्हा 'नऊची गाडी' तिकडे किती वाजता सुटणार ते निघण्याआधी लिहून घ्या.

घरात पूर्वी कोणाला टीबी झाला होता का, हेही शांतपणे विचारा. आपल्याकडे तो लपवतात. प्रत्यारोपणाआधी टीबीची तपासणी झालेली असणारच, पण त्या इतिहासामुळे डॉक्टर पुढे अधिक जागरूक राहतात. शेतात अनवाणी वावरलेल्यांना स्ट्राँगिलॉइडिस नावाचा जंत वर्षानुवर्षं अंगात असू शकतो आणि या गोळ्यांखाली तो उसळतो. त्याची तपासणी झाली का, एवढं विचारून घ्या.

पैशांसाठी गोळ्या पुरवून पुरवून खाणं हा आपला जुना संस्कार. वडिलांना गोळ्यांची किंमत कळली असेल तर ते मनात हिशोब करत असतील. प्रत्येक केंद्रात समाजसेविका असते, तिच्याशी बोला. ६५ वर्षांखालच्या वाचकांसाठी सांगते. फक्त किडनीमुळे मेडिकेअर (इथला सरकारी आरोग्य विमा) मिळालं असेल तर ते प्रत्यारोपणानंतर ३६ महिन्यांनी थांबतं, पण १ जानेवारी २०२३ पासून दुसरा विमा नसलेल्यांना केवळ या गोळ्यांपुरतं संरक्षण चालू ठेवता येतं. त्यासाठी नाव नोंदवावं लागतं, ते आपोआप होत नाही.

मराठी साहित्याचं म्हणाल तर भारतातली मराठी पत्रकं किडनी म्हणजे काय, इथपर्यंत उपयोगी आहेत. गोळ्यांची नावं, फोन कोणाला करायचा, लॅबचे नियम मात्र तुमच्या केंद्राचेच हवेत. सगळ्यात उपयोगी कागद तुम्हीच एका पानावर करा, ठळक मराठी अक्षरात: कोणत्या गोळ्या, किती वाजता, रक्ताच्या दिवशी काय, कधी फोन करायचा, आणि समन्वयकाचा नंबर. फोनवर म्हणायची तीन इंग्रजी वाक्यं देवनागरीत लिहा: स्वतःचं नाव, 'किडनी ट्रान्सप्लांट पेशंट', 'मराठी इंटरप्रिटर प्लीज'. तुम्ही ऑफिसात असताना वडिलांना तेवढं जमलं पाहिजे. एकदा समोर बसून खरोखर फोन लावून घ्या. आणि केंद्राचा नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये नावाने साठवा, अनोळखी नंबर म्हणून ते उचलतच नसतील.

शेवटी आईबद्दल. तुमच्या सगळ्या पत्रात ती एकाच वाक्यात आली आहे, 'किडनी आईनेच दिली.' तिलाही आता एकच किडनी आहे. गुडघे दुखले की ती काय घेते? तिचं ब्लडप्रेशर शेवटचं कधी मोजलं? दात्याची सहा महिन्यांनी, वर्षाने आणि दोन वर्षांनी माहिती घेणं केंद्राला बंधनकारक आहे, पण मराठी बायका 'मला काय धाड भरलीय' म्हणून जात नाहीत. तिची सहा महिन्यांची तपासणी दोन महिन्यांवर आली आहे. कालनिर्णयावर तीही तारीख लिहा, आणि त्या दिवशी तिच्यासाठी वेगळा मराठी दुभाषी मागा.